सरपंच बाब, हॉल देण्याआधी एकदा विचारायचं होतं

गोव्यातल्या १९१ ग्रामपंचायतींचे सरपंच, उपसरपंच आणि पंच मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

घरबसल्या कामाच्या नावाने होणाऱ्या फसवणुकीबद्दलचं हे पत्र खरं तर एकाच पंचायतीला लिहायचं होतं, माझ्या स्वतःच्या. तिला लिहिलं, शिक्क्याची पोचही घेतली. पंचवीस दिवसांनी दोन ओळींचं उत्तर आलं: 'आपण उपस्थित केलेला विषय पंचायतीच्या अखत्यारीत येत नाही. तरी संबंधित खात्याशी संपर्क साधावा.' संबंधित खातं कुठलं, ते लिहिलेलं नव्हतं. मग म्हटलं, सगळ्यांनाच लिहू आणि उघड लिहू. गावाचं नाव देत नाही. डिचोली तालुक्यातलं आहे, एवढं पुरे. हे वाचून 'आमच्याच गावची गोष्ट' म्हणणारे पेडण्यातही निघतील आणि काणकोणातही.

गेल्या पावसाळ्यात, गणेश चवथीला महिनाभर असताना, आमच्या पंचायतीच्या हॉलमध्ये 'महिलांसाठी घरबसल्या ऑनलाइन रोजगार मेळावा' भरला. रीतसर भाडं भरून, पावती फाडून. दाराशी बॅनर होता आणि समई पेटवायला एक पंच स्वतः हजर होते. त्यांनी वात लावतानाचा फोटो पुढे आठवडाभर गावातल्या फोनांवर फिरला, म्हणून हे मुद्दाम सांगते. इस्त्रीचे शर्ट घातलेले दोन मुलगे, एक लॅपटॉप आणि साठेक बायका. मोबाइलवर सोपी कामं करायची, दिवसाला दोन तास, महिन्याला अठरा हजार. नोंदणीचे पाचशे आज, 'आयडी ॲक्टिव्हेशन'चे पंधराशे काम सुरू होताना. मी मागच्या बाकावर होते. उठून विचारलं, 'काम तुम्ही देणार, तर पैसे आम्ही कशाचे द्यायचे?' मुलगा गोड हसला. 'मॅडम, प्रश्नोत्तरं शेवटी घेऊ.' शेवटी चहा आला, समोसे आले. प्रश्नोत्तरं आली नाहीत.

संध्याकाळी घरी येऊन मी बॅनरचा फोटो मोठा करून बघितला. पत्ता पणजीचा होता. खाली जीएसटी नंबर छापला होता, त्याचे आकडे मोजले तर तेरा. खरा नंबर पंधरा अक्षरांचा असतो आणि गोव्यात नोंदणी असेल तर ३० ने सुरू होतो. हा २४ ने सुरू होत होता. एवढं बघायला मला दोन मिनिटं लागली. हॉलची पावती फाडणाऱ्याला तेवढाच वेळ लागला असता.

पुढचं सांगते ते आमच्याच वाड्यावरच्या एका वहिनीचं. तिने सांगायला परवानगी दिली आहे, नाव न घालण्याच्या अटीवर.

मेळाव्यानंतर चौथ्या दिवशी तिच्या फोनवर टेलिग्रामवर मेसेज आला: 'नमस्कार ताई, आपली आयडी सुरू झाली आहे. जेवण झालं का?' काम असं की गूगल मॅपवर हॉटेलांना पाच तारे द्यायचे आणि स्क्रीनशॉट पाठवायचा. तीन हॉटेलांचे दीडशे रुपये. हॉटेलं खरी होती, त्यांना बिचाऱ्यांना यातलं काही ठाऊकही नसेल. आणि दीडशे रुपये खरोखरच तिच्या खात्यात आले. नवऱ्याला तिने तो बँकेचा मेसेज दाखवला. पहिली कमाई म्हणून पोदेराकडून दुप्पट पाव घेतले त्या दिवशी.

दुसऱ्या दिवशी तिला एका ग्रुपमध्ये घातलं. चौतीस जण. इथे कामाचं नाव 'प्रीपेड टास्क'. हजार भरा, तेराशे घ्या. तिने भरले, तेराशे आले. मग पाच हजार. आता साडेसहा हजार मिळाले, पण ते त्यांच्या वेबसाइटवरच्या 'वॉलेट'मध्ये दिसत होते, बँकेत नव्हते. 'तीन टास्कचा संच पूर्ण झाला की एकदम काढता येतात, ताई.' मग अठरा हजार. मग बत्तीस. ग्रुपमधले बाकीचे धडाधड पैसे मिळाल्याचे स्क्रीनशॉट टाकत होते, एकमेकांचं अभिनंदन करत होते. एका 'मावशीं'नी तर मुलीची फी भरल्याचं लिहिलं. त्या चौतिसांत खरी बाई ही एकटीच. बाकी सगळी टोळी, किंवा एकाच माणसाचे दहा फोन.

मग तिच्याकडून 'चूक' झाली. कुठलंसं बटण आधी दाबलं गेलं म्हणे, त्यामुळे संचातल्या इतर चार जणांचेही पैसे अडकले. त्या चौघांनी तिला वैयक्तिक मेसेज केले. कुणी रडलं, कुणी दरडावलं. इथे माणूस लोभाने पैसे भरत नाही, शरमेने भरतो, हे मी तिच्या तोंडून ऐकलं तेव्हा मला कळलं. वॉलेटमध्ये तोवर १,३६,७०० रुपये दिसत होते. काढायचे तर आधी तीस टक्के कर भरा. ४१,०१० रुपये. वरचे दहा रुपयेसुद्धा सोडले नाहीत मेल्यांनी. तिने बांगड्या पतसंस्थेत ठेवल्या आणि भरले. एकूण गेले ९६,०१०, शिवाय नोंदणीचे दोन हजार.

पहिले हजार सोडले तर चार वेळा पैसे भरले आणि चारही वेळा यूपीआयवर नाव वेगळं दिसलं. एकदा कुणी ट्रेडर्स, एकदा कुणी एंटरप्रायझेस, एकदा एका मुलीचं नाव, एकदा 'फ्रूट सेंटर'. पगार देणारी कंपनी फळवाल्याच्या खात्यात कर गोळा करते काय? पण हे आता सुचतं. त्या क्षणी माणसाचं डोकं वॉलेटमधल्या आकड्यावर असतं.

माझी तक्रार त्या टोळीबद्दल नाही. ती टोळी हे पत्र वाचणार नाही. तक्रार तुमच्याबद्दल आहे.

जानेवारीच्या ग्रामसभेत मी हा विषय काढला. सरपंच बाब म्हणाले, 'लोभाला औषध नाही. घरी बसून अठरा हजार कोण देतं?' सभेत हशा पिकला. वहिनी तिसऱ्या रांगेत होती. ती उठून गेली आणि तेव्हापासून ग्रामसभेला आलेली नाही. माझी पहिली तक्रार हीच, आणि बाकीच्या सगळ्यांपेक्षा मोठी.

लोभ म्हणता, तर माझंही ऐका. २०१२ मध्ये गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी बंद पडल्या, मधे थोड्या सुरू झाल्या, आणि २०१८ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा थांबल्या. आमचा एक ट्रक होता, कर्जाचा. तो अंगणात गवतात उभा राहिला. त्याच्या टायरमध्ये कोंबडी अंडी घालायची, इतका उभा राहिला. मी एम.ए. मराठी, दोन मुलं, सासू अंथरुणावर. नोकरीला पणजीला जायचं तर येण्याजाण्यातच तीन तास. घरी बसून काम मिळालं तर हवं होतं, यात लोभ कुठला? आमच्या भागातल्या घराघरात तेव्हा हाच हिशेब चालला होता.

२०१९ मध्ये मला 'डेटा एन्ट्री'चं काम मिळालं. सात दिवसांत ४८० फॉर्म भरायचे, नव्वद टक्के अचूक. त्यांनी दिलेल्या सॉफ्टवेअरवर पुसट चित्रं यायची, त्यातली नावं-पत्ते टाइप करायचे. शून्य की 'ओ', एक की 'एल', दिसायचंच नाही. रात्री दोन-दोनपर्यंत बसले. आठव्या दिवशी 'क्वालिटी रिपोर्ट' आला, ७१ टक्के. काम नापास, पगार नाही, उलट करार मोडला म्हणून ५,९०० रुपये भरा. नववा दिवस उजाडतो न उजाडतो तोच व्हॉट्सॲपवर वकिलाची नोटीस. वर तराजूचं चित्र, खाली लाल शिक्का, मधे 'अटक' हा शब्द ठळक अक्षरांत. मी भरले. चवथीला गणपतीवर बांधायच्या माटोळीच्या सामानासाठी बाजूला ठेवलेले होते त्यातून. नवऱ्याला दोन वर्षांनी सांगितलं.

वकिलाची नोटीस म्हणजे कोर्टाचा हुकूम नव्हे, आणि टायपिंगच्या चुकीसाठी कुणी कुणाला अटक करत नाही. एम.ए. झालेल्या बाईला हे त्या वेळी माहीत नव्हतं. गावात विचारायला कुणी असतं तर पाच मिनिटांत कळलं असतं. आमच्याकडे मुलगा बोटीवर जायला निघाला की एजंट कोण, कुणाच्या ओळखीचा, आधी कोण गेलंय, हे आई-बाप दहा घरी विचारून येतात. त्या चौकशीची गावाला सवय आहे. फोनवर आलेल्या कामाची चौकशी करायला मात्र घर नाही.

आता दुसरी बाजू सांगते, नाही तर म्हणाल हिला घरबसल्या कामच मान्य नाही. गेली काही वर्षं मी घरीच बसून काम करते. ध्वनिमुद्रित मराठी ऐकून ते लिहून काढायचं, मुलाखती, बैठका, कधी व्याख्यानं. पैसे ध्वनिफितीच्या मिनिटावर मिळतात आणि तासाभराचं बोलणं नीट उतरवायला चार तास सहज जातात. सुरुवातीला त्यांनी माझी चाचणी घेतली. पाच मिनिटांची फीत, चुका लाल करून परत. दुसऱ्यांदा पास झाले. पहिलं बिल २,३४० रुपयांचं, ते चाळीस दिवसांनी मिळालं. टीडीएस कापला असेल तर तो माझ्या पॅनवर आयकराच्या संकेतस्थळावर दिसतो. मला कुणी कधी 'ताई, जेवण झालं का' विचारलं नाही. कामात चूक झाली की ईमेल येतो, रुक्ष, कंपनीच्या स्वतःच्या पत्त्यावरून.

हे असं कंटाळवाणं असतं खरं काम. म्हणून माझ्या ओसरीवर आता संध्याकाळी बायका-मुलं फोन घेऊन येतात. 'ताई, हें खरें काय गो?' मी प्रत्येकाला तेच तेच विचारते. कामाआधी पैसे मागितले का? नोंदणी, किट, डिपॉझिट, लॅपटॉपचा विमा, नाव काहीही असो. तुला काय येतं, हे कुणी तपासलं का? की फक्त आधार, पॅन आणि बँक खातं मागितलं? बोलणं टेलिग्रामवर का चाललंय? कंपनीचं नाव सांगतात, तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर ते फुकट शोधता येतं. कंपनीचा ओळख क्रमांक २१ अक्षरांचा असतो. पण तेवढ्यावर थांबू नकोस, कारण चोर खऱ्या कंपनीचंच नाव लावतात. पेन्सिल पॅकिंगच्या जाहिराती आठवा, नामांकित कंपनीचं चित्र आणि खाली कुणाचा तरी मोबाइल नंबर. तेव्हा त्या कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरचा फोन शोधायचा आणि तिथे विचारायचं, तुम्ही अशी माणसं घेताय का. दहापैकी नऊ वेळा इथेच सोक्षमोक्ष लागतो. आणि कराचं एक पक्कं ध्यानात ठेव, पगारातून कर कापतात. पगार सोडवण्यासाठी कर भरायला कुणी सांगत नाही.

खरी कामंही येतात या फोनांवर. मागे एका मुलीला एका विमा कंपनीच्या ग्राहक सेवेचं काम आलं, घरून. ती घाबरून सोडून देणार होती. आम्ही दोघींनी तपासलं. नेमणूकपत्र कंपनीच्या पत्त्यावरून, मुलाखत दोनदा, भविष्य निर्वाह निधीचा उल्लेख, पैशाची मागणी कुठे नाही. ती आता तिथे आहे. नुसतं 'ऑनलाइन सगळं खोटं' म्हणून हात झटकले असते तर तिचं काम गेलं असतं. ग्रामसभेतल्या त्या हशाचा हा दुसरा तोटा.

दुसरी तक्रार भाषेची. त्या टोळीने वहिनीला 'ताई' म्हटलं, 'जेवण झालं का' विचारलं, शुद्ध मराठीत करार पाठवला. आणि आमच्या पंचायतीत सायबर फसवणुकीबद्दल जो एकुलता एक कागद लागलेला आहे तो इंग्रजीत. तोही निविदांच्या नोटिशींमागे अर्धा झाकलेला, वरचा कोपरा वाळवीने खाल्लेला. १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणीबरोबर मराठीलाही या राज्यात जागा दिलेली आहे. भाषणांत तुम्ही दोन्हींचा अभिमान सांगता. फसवणारे ही भाषा नीट वापरतात, आणि सावध करणारे वापरत नाहीत, याला काय म्हणावं?

तिसरी तक्रार वेळेची, आणि यात पैशाचा सरळ प्रश्न आहे. अशी फसवणूक झाली की १९३० या नंबरवर फोन करायचा असतो. तो देशभर एकच आहे. खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि यूपीआयचा बारा आकडी व्यवहार क्रमांक सांगितला की तक्रार थेट बँकांपर्यंत जाते, आणि पैसे पुढच्या खात्यात सरकले नसतील तर गोठवता येतात. सरकतात मात्र फार लवकर. एका खात्यातून पाच, पाचातून वीस, मग एटीएममधून रोख. म्हणून पहिल्या तासाला किंमत. वहिनीला रात्री नऊला कळलं की आपण फसलो. हा नंबर तिला दुसऱ्या दिवशी अकराला कळला, मी सांगितला तेव्हा. चौदा तास. ९६ हजारांतले नऊ हजार कुठल्यातरी खात्यात अडकलेले सापडले, बाकी गेले. त्या रात्री ती झोपली नव्हती, फोन हातातच होता. कुठेतरी तो चार आकडी नंबर मोठ्या अक्षरांत वाचलेला असता तर?

तक्रार नोंदवायला आम्ही एका पोलीस ठाण्यात गेलो, तर 'हे इथे होत नाही, तिकडे जा' झालं. तिकडून पुन्हा इकडे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत शून्य एफआयआरची तरतूद आहे, हद्द कुठलीही असो, तक्रार घ्यावी लागते. हे मी सांगितलं तर समोरचे म्हणाले, 'बाई, कायदा आम्हाला शिकवू नका.' तक्रार शेवटी घेतली गेली, रायबंदरला सायबर गुन्ह्यांचं वेगळं ठाणं आहे हेही तेव्हाच कळलं. पण त्या दिवशी आमच्यासोबत एक पंच असता तर दोन फेऱ्या वाचल्या असत्या. ज्यांनी समई पेटवली त्यांना मी फोन केला होता. ते मीटिंगमध्ये होते.

चौथी गोष्ट थोडक्यात सांगते, पण ती सगळ्यात धोक्याची आहे. गावातला एक मुलगा, डिप्लोमा झालेला. त्याला 'पेमेंट असिस्टंट'चं काम मिळालं. त्याच्या खात्यात पैसे येणार, दोन टक्के ठेवून बाकीचे त्याने पुढे पाठवायचे. पंधरा दिवस केलं. मग खातं गोठलं आणि परराज्यातल्या पोलिसांचं पत्र आलं. वहिनीसारख्या कुणाचे तरी पैसे त्याच्या खात्यातून फिरले होते. म्हणजे तो फसलेलाही आणि आरोपीही. आई विचारते, पोराने चोरी केली काय गो? काय सांगू तिला? आपलं खातं, एटीएम कार्ड किंवा सिमकार्ड दुसऱ्याला वापरायला देणं म्हणजे नोकरी नव्हे, हे बारावीच्या वर्गात कुणी सांगत नाही. पंचायतीच्या फळ्यावर तरी असावं.

मला माहीत आहे, तुम्ही म्हणाल हे काम केंद्राचं, पोलिसांचं, बँकांचं. त्यांनी काहीच केलं नाही असं मी म्हणत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने अशाच 'टास्क' आणि पार्ट-टाइम नोकरीच्या फसवणुकीच्या शंभराहून अधिक वेबसाइट बंद करवल्या. त्यांच्या निवेदनातच लिहिलं होतं की या टोळ्यांचं लक्ष्य निवृत्त कर्मचारी, महिला आणि बेरोजगार तरुण असतात. संशयित फोन कॉल-मेसेज कळवायला संचार साथी पोर्टलवर 'चक्षू' नावाची सोय २०२४ पासून आहे. फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेचं ३१८ वं कलम आहे, माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ड आहे. सगळं आहे. फक्त ते दिल्लीहून निघून आमच्या वाड्याच्या तिठ्यापर्यंत पोचत नाही. तुम्ही पोचता. मतदानाच्या आधी तर घरात येऊन पाणी पिता.

म्हणून मागण्या. मोठ्या नाहीत, बजेटची सबब चालणार नाही.

पंचायतीचा हॉल रोजगार, नोकरी, गुंतवणूक किंवा 'बिझनेस संधी' अशा कुठल्याही कार्यक्रमाला देण्याआधी संस्थेचा नोंदणी क्रमांक, जीएसटी क्रमांक आणि आयोजकाचं ओळखपत्र घ्या आणि सेक्रेटरींनी ते संगणकावर तपासून फाइलला लावा. कार्यक्रमात लोकांकडून पैसे घेणार असतील तर हॉल देऊ नका. आणि चौकशी केल्याशिवाय कुठल्याही पंचाने अशा मंचावर जाऊ नये. तुमचा चेहरा म्हणजे गावाला हमी वाटते, ते तुम्हालाही ठाऊक आहे. हा ठराव पुढच्याच ग्रामसभेत व्हावा.

पंचायत, बसथांबा, रेशन दुकान आणि आरोग्य उपकेंद्र, या चार जागी मराठीत आणि कोकणीत फलक लावा. त्यावर १९३० सर्वांत मोठ्या अक्षरांत. खाली सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन हा पत्ता, आणि तीन ओळी: कामासाठी पैसे भरू नका, खातं कुणाला वापरायला देऊ नका, फसलात तर लगेच फोन करा, वाट बघू नका. 'सतर्क रहा, सुरक्षित रहा' असलं काही लिहू नका, ते कुणी वाचत नाही.

आठवड्यातून एक तास पंचायतीचा संगणक लोकांसाठी उघडा ठेवा, आलेली जाहिरात तपासायला. माणूस मी देते. म्हणजे मी स्वतः बसते, शनिवारी, फुकट. गावात कॉलेजची दोन मुलं तयार आहेत. इतर गावांतही अशी कुणी ना कुणी असतीलच, तुम्ही फक्त विचारा.

फसलेल्या माणसासोबत ठाण्यात जायला प्रत्येक पंचायतीने एक पंच नेमावा, त्याचा नंबर फलकावर असावा. रात्रीही उचलेल असा.

राहिलं एक. मेळाव्यात त्या साठ बायकांची नोंदणी झाली होती. त्या पाचशे रुपयांच्या यादीची प्रत आयोजकांनी पंचायतीला दिली होती असं ऐकते. त्यातल्या किती जणींनी पुढे पैसे भरले, किती गप्प बसल्या, हे कुणी विचारलेलं नाही. त्या यादीतल्या बायकांना पंचायतीने बोलवावं. सभेत नको, एकेकीला, बाई पंचाच्या घरी. आणि वहिनीची ग्रामसभेतल्या बोलण्याबद्दल सरपंच बाबांनी माफी मागावी. जाहीर नको, तिच्या ओसरीवर जाऊन. ती चहा करील.

मी एक कागद तयार केला होता, हाताने लिहून, बसथांब्यावर चिकटवला. तिसऱ्या दिवशी पावसात गेला. आता दुसरा केला आहे, लॅमिनेट करून. पंचायतीच्या काचेच्या नोटीस बोर्डाला कुलूप असतं आणि किल्ली सेक्रेटरींच्या टेबलाच्या उजव्या खणात. सोमवारी सकाळी साडेनऊला मी कागद घेऊन येते.

आपली,
डिचोली तालुक्यातली एक मतदार